माळावरचा फोन

"गवत संपलं," एवढंच मायाप्पा म्हणाला आणि दारातल्या पायरीवर बसला.

मी आत चहा टाकायला गेलो. बाईमाणूस गेलेल्या घरात चहाला लई वेळ लागतो. साखर कुठल्या डब्यात आहे हे आठ महिने झाले तरी हाताला कळत नाही. डबे तिनं लावलेत. मी ते हलवत नाही आणि रोज शोधत बसतो.

गवत संपलं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर कुणाला कळायचं नाही. मायाप्पा हा आमचा मेंढरंवाला दोस्त. सोलापूरच्या बाहेर, विमानतळाच्या उलट्या अंगाला त्याचा खडकाळ माळ आहे. तिथं ज्वारी धरत नाही. पावसाळा सरला की गुडघ्याएवढं कुसळी गवत माजतं. दिवाळी झाली की मायाप्पा त्या माळाच्या मधोमध, लांबीला अडीचशे पावलं आणि रुंदीला वीस, एवढ्याच पट्ट्यात मेंढरं चारतो. पौष लागेपर्यंत तो पट्टा न्हाव्यानं डोकं केल्यासारखा साफ होतो. ती आमची धावपट्टी. मोठ्या विमानतळाला रोलर लागतो, कंत्राटदार लागतो. आमची धावपट्टी मेंढरांनी केलेली आहे आणि लेंड्यांसकट झकास आहे.

आमचा लहान विमानांचा क्लब आहे. दहा-बारा माणसं. कोणी शिंपी, कोणी रिक्षावाला, एक रिटायर मास्तर, दोन यंत्रमागवाले. हाताच्या लांबीची, कोणाची दोन हातांची, अशी विमानं आम्ही घरी बनवतो आणि रिमोटवर उडवतो. हिवाळ्यातच उडवतो. त्या दिवसांत सकाळचं वारं झोपलेलं असतं. चैत्र लागला की वावटळी उठतात आणि विमान काय, अंगावरचं धोतर जागेवर राहत नाही.

तर मायाप्पा सांगायला आला होता, जागा तयार आहे, या. आणि मी त्याला सांगणार होतो, यंदा आम्ही येत नाही. क्लब बंद.

चहात साखर पडली का मीठ, ते बघायला मी चमचा तोंडात घातला. साखर होती. देवाची कृपा.

*

हुरड्याचे दिवस आले की वास आधी येतो. गोवऱ्यांचा धूर, त्यात भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा गोडसर वास. शहरात राहिलो तरी तो कुठून तरी नाकात शिरतो. मी मूळचा मंगळवेढ्याकडचा. तिकडची काळी जमीन पौषात अशी भरलेली असते की कणसं दाबली तर दूध येतं. पण माझ्या नाकात आता त्या वासाबरोबर दुसरा एक वास आहे, जळक्या एरंडेलाचा. आमच्या जुन्या इंजिनांच्या तेलात एरंडेल असायचं. धूर निघाला की गोदा नाकाला पदर लावायची. "लहानपणी आईनं पाजलं ते पुरे न्हाय झालं वाटतं तुमास्नी," म्हणायची.

गोदा म्हणजे माझी बायको. गोदावरी. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. बघत बसलं तर बोटं दिसायची नाहीत, नुसती विडी दिसायची. मी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग चालू करणारा. शिक्षण सातवी नापास. माझी जीभ तिखट आणि हात बरे. तिचे हात सोन्याचे आणि जीभ माझ्याहून शहाणी.

हे विमानाचं खूळ रफिकनं आणलं. रफिकचं मोटारसायकलीचं गॅरेज आहे. त्याला भंगारात चिक्कूएवढं एक इंजिन सापडलं. "चाचा, ये देखो, खिलौना लगताय पन खिलौना नक्को समझो," म्हणत तो घरी आला. दोघांनी मिळून आठ दिवस खपून ते चालू केलं. एवढंसं इंजिन, पण असं किंचाळलं की गल्लीतली कुत्री पळाली. गोदा सूप बाजूला ठेवून बाहेर आली.

"ह्ये का बोंबलतंय?"

"चाललंय न्हवं का. इंजिन हाय."

"मग त्येला काम द्या की कायतरी. रिकामं हाय म्हणून बोंबलतंय. तुमच्यागत."

त्या वर्षी मी नुकताच कामावरून घरी बसलो होतो. बोलणं लागलं. पण काम दिलं इंजिनाला. विमान बनवलं.

लाकूड हलकं पाहिजे. परदेशातून येतं ते आम्हाला परवडणारं नव्हतं. नवरदेवाची बाशिंगं करणाऱ्याकडून भेंड आणलं, कापसासारखं हलकं. त्याच्या पंखाच्या फासळ्या केल्या, मध्ये बांबूची कामटी. वर पतंगाचा कागद. कागद मला लावता येईना. एकीकडे ताणला की दुसरीकडे सुरकुती. चौथा कागद फाटल्यावर गोदानं माझ्या हातातून पंख काढून घेतला. खळ शिजवली, बोटानं लावली आणि कागदाची कड फासळीवरून अशी आत दुमडली, जसं विडीचं तोंड दुमडतात. एक सुरकुती नाही. वरून पाण्याचा हबका मारून उन्हात ठेवला. कागद सुकून ताठ झाला, टिचकी मारली तर डफासारखा वाजला.

त्या दिवसापासून क्लबातल्या सगळ्या विमानांचे पंख तिच्या हातचे. विमान सूर्याकडे वळलं की कागदातून उजेड येतो आणि खळीत उमटलेली तिची बोटं दिसतात. ही गोष्ट मला आधी कधी दिसली नव्हती. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसली. का, ते मला माहीत नाही. डोळे तेच होते.

*

विमानतळाशी आमची ओळख भांडणानं झाली. चूक आमची होती.

वारं कुठून येतंय ते कळायला मी बांबूला चिंधी बांधली होती. गोदा एकदा माझ्याबरोबर रिक्षातून विमानतळाच्या भिंतीकडून गेली तेव्हा तिनं आतल्या खांबावरची ती मोठी कापडी पिशवी बघितली. केशरी-पांढरी, वाऱ्यानं फुगणारी. "आपुन तसलीच करू की. चिंधी काय लावताय भिकाऱ्यागत." मांडववाल्याकडून उरलेलं केशरी कापड आणलं. पांढरं घरचं. तोंडाला मी सायकलची रिंग दिली. माणूस आत मावेल एवढी पिशवी झाली. उंच बांबूवर चढवली तर पार सडकेवरून दिसायला लागली. आम्हाला केवढा अभिमान.

तिसऱ्या दिवशी जीप आली. जीपमधून एक बाई उतरल्या. विमानतळाच्या टॉवरमध्ये काम करणाऱ्या, नागपूरकडच्या. आम्ही पुढं त्यांना मॅडमच म्हणत आलो.

"हे कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बापाच्या जागेत लावलंय काय?" मी म्हणालो. जागा माझ्याही बापाची नव्हती, मायाप्पाची होती. पण मी असा बोलतो.

"तुमी गप बसा जरा," गोदा म्हणाली आणि पुढं झाली. "मी शिवलंय, बाई. का वो, टाका चुकला का?"

मॅडमनी वर बघितलं. "टाका नाही ना चुकला काकू, तोच तर त्रास आहे. हुबेहूब झालंय. एखादा नवशिका वैमानिक वरून बघेल तर त्याला वाटेल, इथंच उतरायचं."

गोदानं माळाकडं बघितलं. मेंढरं चरत होती. मायाप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "हितं? मेंढरांत?"

मॅडमना हसू आवरेना. मायाप्पा म्हणाला, "उतरू द्या की. दूध देतो त्येला." सगळे हसले. पण गोदाचा चेहरा उतरला. तिला ते विमान दिसलं असणार, आतल्या माणसांसकट. तिनं स्वतः बांबू खाली घेतला, पिशवी सोडली आणि घडी घालून मॅडमच्या हातात दिली.

त्या बाईंनी ठरवलं असतं तर त्याच दिवशी आम्हाला बंद केलं असतं. न विचारता उडवणं नियमात बसत नाही हे त्यांनी तिथंच सांगितलं. लहानाला हाकलायला मोठ्याला एक कागद पुरतो. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाल्या, मी वर विचारून सांगते, तोवर उडवू नका. आम्ही दोन महिने उडवलं नाही. मी रोज शिव्या घालत होतो. गोदा म्हणायची, "त्या बाईनं तोंडावर न्हाय म्हनलं न्हाय. म्हंजे ती काम करतीय."

करत होतीच. कागद निघाला. अमुक दिवशी, अमुक वेळेत, अमुक उंचीच्या खाली. उंची मीटरमध्ये होती. माळाच्या कडेला मायाप्पाचा उंच कडुलिंब आहे, गोदानं त्याच्यावरून हिशेब बसवला, "चार लिंबं. त्येच्या वर गेलं तर मी रिमोट काढून घेईन." आणि एक अट. उडवायच्या आधी टॉवरला फोन करायचा आणि सगळी विमानं खाली आल्यावर परत करायचा. दुसरा फोन आल्याशिवाय त्यांच्या दृष्टीनं आमचं आभाळ मोकळं नाही. फोन एकाच माणसानं करायचा, त्याचं नाव कागदावर.

मॅडमनी पेन काढलं. "नाव कोणाचं लिहू?"

क्लबचा पुढारी मी. मी छाती पुढं केली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग गोदाकडं. गोदाचं नाव लिहिलं.

घरी जाऊन तिनं तो कागद विडीवाल्या बायांना दाखवला. वाचता एकीलाही धड येत नव्हतं. नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं.

पिशवी तिनं दुसरी शिवली. लहान, आणि तिच्या हिरव्या इरकल लुगड्याची. हिरवी आभाळातून गवतात मिसळते, मॅडमनीच सांगितलं होतं.

*

तिचा फोन ऐकण्यासारखा असायचा. ती उभी राहून, पदर सावरून फोन करायची, समोर साहेब असल्यासारखी. "मॅडम, मी माळावरनं गोदावरी बोलते. आमची पाखरं उडवतोय. पाच हायेत." विमान ती म्हणायचीच नाही, पाखरं म्हणायची. आणि दुसरा फोन, "मॅडम, आमची सगळी पाखरं खाली बसली बगा. पाच. आता तुमची मोठी येऊं द्या."

मी चिडायचो. "नुसतं झालं म्हणून सांग की. मोठी येऊं द्या, तू काय सरपंच लागून गेलीस?"

"ऱ्हाऊ द्या. बाईमाणूस दिसभर एकटी बसती काचंत. बरं वाटतं."

मग कधी दोघींचं बोलणं लांबायचं. थंडी किती, मॅडमच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, शेंगाच्या चटणीत लसूण किती घालायचा. टॉवरचा फोन तो, त्यावर लसूण!

आम्हीही विमानतळाच्या उपयोगी पडलो, हे सांगायला पाहिजे. त्यांना घारींचा त्रास होता. आसपासचे मेंढरंवाले मेलेलं कोकरू उघड्यावर टाकायचे, वर घारी फिरायच्या. पक्षी इंजिनात गेला की विमान गेलं. साहेबलोकांनी गावात येऊन भाषण केलं, कोणी ऐकलं नाही. गोदानं मायाप्पाला सांगितलं, त्यानं भावकीला सांगितलं. आता सगळे खड्डा करतात. मायाप्पा अजून म्हणतो, "माझा बाप गेला तवा एवढा खोल खड्डा न्हाय काढला. आता इमानासाठी कोकराला समाधी!" पण खणतो.

विमानतळ मोठा, आम्ही शेळीच्या शेपटाएवढे. तरी वर्षातून एकदा मॅडम सुट्टीच्या दिवशी हुरड्याला माळावर यायच्या. घोंगड्यावर बसून, बोटं काळी करून खायच्या. आयुष्यात मला साहेब लई भेटले. हाताला राख लागू देणारा हा एकच.

*

आता ते सांगतो जे सांगायला नको वाटतं. मागच्या पौषातलं.

गोदा मंगळवेढ्याला भावाकडं गेली होती. खोकला तेव्हाच होता. रविवार होता. जाताना तिनं फोन माझ्या हातात दिला, "दोन डाव करायचा. आधी आनि मागनं. इसरू नका."

आधीचा केला. सहा विमानं उडवली. सकाळ अशी होती की धूर सरळ वर जात होता. माझं विमान त्या दिवशी लिंबावरून असं गिरकी घेऊन आलं की मास्तरांनी टोपी उडवली. खाली आलो तर मायाप्पानं आगटी उकरली होती. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा खड्डा. गरम कणसं, मायाप्पाची बायको सुपात चोळतेय, गूळ, चटणी. मी गिरकीची बढाई मारत बसलो. फोन बाभळीला अडकवलेल्या पिशवीत. वाजला असणार. लई वेळा वाजला असणार.

वरून मोठ्या विमानाचा आवाज आला. नेहमीच्या बाजूनं नाही, लांबून. मायाप्पा म्हणाला, "आज ह्ये तिकडनं का चाललंय?" कोणाला काही वाटलं नाही. मी अजून एक कणीस घेतलं.

अर्ध्या तासानं जीप आली, आत मॅडम. आमच्याकडून दुसरा फोन नाही, आम्ही उचलत नाही, म्हणून आलेल्या विमानाला मोठा वळसा घालून यायला सांगावं लागलं होतं. आत माणसं होती. त्यांना कारण कधी कळलं नसणार. कारण हे होतं की एक म्हातारा हुरडा खात होता.

मॅडम ओरडल्या असत्या तर मी उलटा ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या ओरडल्या नाहीत. हात पुसायला मी पटका शोधत होतो, तेवढ्यात एवढंच म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी काकूंनाच करू द्या."

गोदा परत आली. तिला सगळं रफिकनं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं. तिनं आधी मॅडमना फोन करून माफी मागितली. मग संध्याकाळी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन मला समोर बसवलं.

"म्हना. आमची सगळी पाखरं खाली बसली."

"मी काय शाळेत हाय?"

"म्हना की वो."

"न्हाय म्हनत. तू हायेस की."

तिनं विडीचं तोंड दुमडलं, दोरा बांधला, दुसरी घेतली. "माज्या मागं कोण करनार?"

"तुज्या मागं मी कशाला जातोय माळावर?"

तिला खोकला आला. थांबल्यावर म्हणाली, "मंग मेंढरांनी गवत उगाच खाल्लं म्हनायचं."

मी उठून बाहेर गेलो. ते वाक्य मी म्हणालो नाही. साधं वाक्य होतं. म्हटलं असतं तर काय झालं असतं?

त्या हिवाळ्यातले उरलेले रविवार ती आली. गोणपाटावर, आगटीच्या उबेला बसायची. फोन कनवटीला. डोळ्यांवर हात धरून वर बघत पाखरं मोजायची. उभी राहून फोन करणं जमत नव्हतं, बसून करायची. शेवटच्या रविवारी तर दम लागला म्हणून "खाली बसली" म्हणाली आणि थांबली. पलीकडून मॅडम थांबून राहिल्या. मग गोदा म्हणाली, "आता तुमची मोठी येऊं द्या." ते सोडलं नाही.

वैशाखात गेली. डॉक्टर म्हणाले छाती. चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ, दुसरं काय. मॅडम दहाव्याला आल्या होत्या. बायकांत बसल्या, जाताना माझ्या हाताला हात लावला.

*

तर चहा. मायाप्पाला दिला, मी घेतला. मग म्हणालो, "यंदा न्हाय जमायचं, मायाप्पा. कागदावर नाव तिचं होतं. ती न्हाय तर कागद न्हाय."

"दुसरं नाव लावा की आण्णा. तुमचं."

"माझं? इमानाला वळसा घालायला लावला त्येचं?"

मायाप्पा बशीतला चहा फुंकत बसला. "मग मेंढरांला काय सांगू? दोन म्हयने एकाच पट्ट्यात चारलीत. कटाळलीत ती."

गोदाचं ते गवताचं बोलणं ह्याला कधी कळलं नव्हतं. ही माणसं तशीच बोलतात, मेंढरांवरून. पण मी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी रफिक मोटारसायकल घेऊन आला. "बैठो चाचा. बोलना कुछ नक्को. सिरफ बैठो." विमानतळावर नेलं. आता तिथं गर्दी असते. बॅगा घेऊन माणसं, पोरंबाळं, कोणाला सोडायला आलेल्या म्हाताऱ्या. मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो. त्या दिवशी वर फिरलेली हीच असतील काय, असं वाटलं.

मॅडमनी खुर्ची दिली. फायलीतून जुना कागद काढला. खाली गोदाची सही होती. सही करायला ती म्हातारपणी शिकली होती. गोदावरीतला 'द' उलटा काढायची. इथंही उलटाच होता.

"नाव कोणाचं लिहू, काका?"

"माझं लिहू नका. मास्तरांचं लिहा, ह्या रफिकचं लिहा. मी इसरतो. तुमास्नी ठावं हाय."

मॅडमनी नवा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "काकूंनी मला आधीच सांगून ठेवलंय. मागच्या हिवाळ्यातल्या शेवटच्या रविवारी, रात्री घरून फोन केला होता त्यांनी. म्हणाल्या, पुढच्या सालापासून ह्यांचा फोन यील. आवाज चढवून बोलतील, मनावर घेऊ नका. एक डाव चुकलेला जॉबर दुसऱ्यांदा तोच माग बिघडू देत न्हाय."

मी त्यांच्यावर आवाज चढवला नाही.

हे वाक्य माझंच होतं. कारखान्यात नव्या पोरांबद्दल मी मालकाला सांगायचो, घरी येऊन तिलाही सांगायचो. विड्या वळता वळता ऐकत होती म्हणायचं. मला वाटायचं ऐकत नाही.

मॅडमनी माझं नाव लिहिलं. मी सही केली.

*

रविवारी पहाटे थंडी अशी होती की मेंढरं एकमेकांत घुसून उभी होती. मायाप्पाचा पट्टा मी पायानं चालून बघितला. एक कुसळ नाही. लिंबाच्या अलीकडं, मोकळ्यात बांबू रोवला, हिरवी पिशवी चढवली. इरकलचा रंग उतरलाय, काठ तेवढा तांबडा आहे. वारं नव्हतं, ती लोंबत राहिली.

मायाप्पानं आगटी पेटवली, कणसं आत सारली, वर राख ओढली आणि काठी आडवी टाकून राखणीला बसल्यासारखा बसला. "आजपासनं नेम," म्हणाला. "आण्णाचा दुसरा फोन झाल्याबिगर आगटी उकरायची न्हाय. कनसं करपली तर करपू देत." सगळे व्हय म्हणाले. त्यांनी आधीच ठरवलं होतं, मला न विचारता. मी म्हणालो, "लई शहाणे झालात." मनात म्हणालो ते वेगळं होतं.

पहिला फोन केला. उभं राहून. "माळावरनं बोलतोय. उडवतोय. सात हायेत." मॅडम म्हणाल्या, "हो काका, उडवा." बास.

माझं विमान जुनंच, तिच्या हातच्या पंखांचं. एरंडेलाचा धूर निघाला. नाकाला पदर लावणारं कोणी नव्हतं. रफिकनं नाकाला रुमाल लावला. त्याला कधी वास यायचा नाही, आयुष्य तेलात गेलंय त्याचं. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

चार लिंबांच्या खाली ठेवलं. सूर्याकडं वळवलं. कागद उजळला आणि तिची बोटं दिसली, डाव्या पंखावर चार, उजव्यावर अंगठा. फार वेळ बघता येत नाही, विमान पडतं. वळवून घेतलं, उतरवलं. मेंढरांनी साफ केलेल्या जमिनीवर ते एकदाही न उसळता सरळ धावत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

बाकीची उतरली. मी मोजली. दोनदा मोजली. आगटीतून वास यायला लागला होता, थोडा करपट. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, मायाप्पाची बायको सूप हातात घेऊन.

फोन लावला. पलीकडं उचलला गेला. मी तोंड उघडलं आणि शब्द अडकला. मॅडम थांबून राहिल्या. तशाच, त्या शेवटच्या रविवारसारख्या.

"आमची सगळी पाखरं खाली बसली," मी म्हणालो. "सात."

"ठीक आहे काका."

मी फोन ठेवणार होतो. ठेवला नाही.

"आता तुमची मोठी येऊं द्या."

मग मॅडम म्हणाल्या, "येतंच आहे. बघा वर."

बघितलं. नेहमीच्या बाजूनं, नेहमीच्या वाटेनं एक मोठं विमान उन्हात चमकत आलं, वळसा न घालता, आणि लांबच्या झाडांमागं उतरलं. आत माणसं असतील. त्यांना काही कळलं नसणार. तेच बरोबर आहे.

वारं सुटलं. हिरवी पिशवी जरा भरली.

"आण्णा," मायाप्पा म्हणाला, "उकरू का आता?"

"उकर की," मी म्हणालो. "कशाची वाट बघतोस?"